पाठीतून चिरलेले मासे

डोंगरावरच्या आमच्या आन खे गावच्या बाजारात लायमावशीचं दुकान म्हणजे एक गोणपाट आणि एक सुरी. गोणपाटावर कोवळे फणस, सुरीला कायम चीक. पिकलेला फणस तिनं जन्मात विकला नाही. "पिकल्यावर वास बघून शेंबडं पोरही ओळखतं," ती म्हणायची. "कोवळ्यात ओळखायला अक्कल लागती." मी तिच्या शेजारी बटणं आणि चेनी विकायला बसते, त्यामुळे तिची अक्कल मला रोज फुकट मिळते.

सकाळी घाट उतरून समुद्रकाठच्या क्वी न्योनला जाणारी खोयभाऊची गाडी बाजाराच्या तोंडाशी थांबते. लायमावशी फणसांची पाटी टपावर चढवून देते. संध्याकाळी तीच पाटी वर येते तेव्हा तिच्यात उडते मासे असतात. खाली समुद्रावर न्यान नावाची मासेवाली आहे, ती पाठवते. हळद घालून शिजवलेल्या फणसाशिवाय उडता मासा म्हणजे नुसता काटा आणि माशाशिवाय फणस म्हणजे जळण. दोघींच्या चुली वेगवेगळ्या, पण कालवण एकच. खोयभाऊचा बाप गाडी हाकत होता तेव्हापासून हे चाललंय. हिशेब कधी झाला नाही. पाटी रिकामी परतवायची नाही, एवढाच करार.

आणि एवढ्या वर्षांत दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही.

आमच्याकडे सालांना प्राण्यांची नावं असतात; माणूस भेटलं की आधी जन्मसाल विचारायचं, मग कोण ताई आणि कोण धाकटी ते ठरवून पुढचं बोलायचं. या दोघी भेटल्याच नाहीत, तर विचारणार कोण? म्हणून दोघीही एकमेकींना ताई म्हणत आल्या. खोयभाऊ वैतागायचा. "हिकडची म्हणती ताईला सांग, तिकडची म्हणती ताईला सांग. मधल्या मध्ये मी धाकटा!"

लायमावशीला गाडी लागते म्हणून ती खाली जात नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक. नवरी होऊन घाट चढली तेव्हा वऱ्हाडाचे कपडे धुवावे लागले होते म्हणे. पण मला कधी ते कारण खरं वाटलं नाही. एकदा विचारलं, तर म्हणाली, "पाटी जाती की रोज. पाटी गेली म्हणजे मीच गेले."

ज्या वर्षी तिचा नवरा दाऊ फणसाच्या झाडावरून पडून गेला, त्या हंगामात ती वाडीत पाऊलही टाकत नव्हती. फणस झाडावर पिकून फुटले, माश्या घोंगावल्या. खाली काहीच गेलं नाही, पण वर पाटी येत राहिली. एरवी मासे अख्खे यायचे, पंखांसकट. त्या हंगामात मात्र साफ करून आले. पंख कापलेले, पाठीतून चिरलेले, आत हळद-कांदा भरून दुमडलेले. नुसते तव्यावर टाकायचे. सोबत निरोप नाही की सांत्वन नाही.

"माझे हात मेलेत, हे तिला खाली बसून कळलं," लायमावशी मला म्हणाली होती. "पोरं जेवली माझी त्या हंगामात. मी जेवले. चव लागली तेव्हा रडले."

दाऊच्या नावानं तिनं तेव्हाच नेम धरला, पुनवेला मासा-मटण नाही. तो आजतागायत चालू आहे.

यंदा फाल्गुनात खोयभाऊ पाटी उतरवून घुटमळत उभा राहिला.

"मावशी, खालनं निरोप हाय. न्यानताईचे गुडघे गेले. हा हंगाम संपला की पोरगा सायगॉनला नेणार. दुकान मोडतीय."

लायमावशी सुरी पुसत राहिली. पुसून झाली तरी पुसत राहिली. मग म्हणाली, "मिएन, तुझी ती फटफटी घाट उतरती का?"

दुसऱ्या दिवशी आख्खा बाजार तिच्या सहलीच्या तयारीला लागला. टोफूवालीनं सांगितलं, पपनसाची साल नाकाशी धर. चपलावाल्यानं सांगितलं, बेंबीवर आल्याची चकती चिकटव. खोयभाऊ तर चिडलाच.

"माझ्या गाडीत बसायचं सोडून फटफटीवर? पहिली सीट देतो, खिडकी देतो!"

"तुझ्या गाडीत फणस बसंल," लायमावशी म्हणाली. "त्याला ओकारी येत न्हाई."

मग दिवस ठरवायचा. सातव्या तिथीला निघू नये, तिसरीला परतू नये, हे झालंच. शिवाय न्यान रिकामी हवी. पुनवेच्या उजेडात होड्या बाहेर पडत नाहीत, बाजार थंड असतो. "म्हंजे पुनवच," लायमावशीनं ठरवलं. "निवांत बसता येईल. मला तिला एक बोलायचंय."

"काय?"

"तुला कशाला सांगू? तुला सांगितलं तर तिथं जाऊन शिळं होईल."

पण मला ऐकू यायचं. गिऱ्हाईक नसलं की ती फणसांशी पुटपुटायची. "ताई, त्या वर्षी तुम्ही..." एवढं बोलून थांबायची. पुढं जमायचं नाही.

पुनवेला उजाडताना आम्ही निघालो. तिनं ठेवणीतला जांभळा झगा-विजार घातला होता, वर माझं जुनं हेल्मेट. घाटाच्या वळणांवर ती मला अशी आवळायची की माझाच श्वास अडायचा. पण ओकारी नाही. उलट, "जरा जोरात हाण की," असंही एकदा म्हणाली. अर्ध्या घाटात खोयभाऊनं हॉर्न मारत आम्हाला मागं टाकलं, टपावर आमची पाटी.

खाली, गाडीवाले थांबतात त्या देवळीशी आम्ही पाणी प्यायला उतरलो. दोन बायका फुलं आणि केळी मांडत होत्या. लायमावशी बघत राहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"मिएन, आज पुनव."

"आपणच ठरवली की."

"अगं बये, मी आज मासा खात न्हाई!"

मी कपाळावर हात मारला. आख्ख्या बाजारानं डोकं लावलं होतं, आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही!

"तिच्या होड्यांचा विचार केला, माझ्या नेमाचा राहिला," ती दगडावर बसली. "जिनं मला जेवू घातलं तिच्या दारात जायचं आणि ताट मागं सारायचं? चल, फिरव."

"फणस पुढं गेला, मावशी. आता आपण कुठं फिरणार?"

तिनं देवळीला हात जोडले. मग हेल्मेट चढवत म्हणाली, "खाईन मी. दाऊला सांगंन काय ते. तो काय, समजून घेईल. जिवंतपणी घेत न्हवता, आता घेईल."

न्यानचं घर कोळीवाड्यात, जाळ्यांच्या ढिगामागं. काठी टेकत दारात आली ती लायमावशीहून चांगली दहा-बारा वर्षांनी धाकटी निघाली.

"कुठलं साल?" लायमावशीनं आधी तेच विचारलं.

"डुकराचं."

"म्हंजे इतकी वर्षं मी पोरीला ताई म्हणत होते?"

"मला बरं वाटायचं," न्यान हसली. "घरात मी शेंडेफळ. दुसरं कोण म्हणणार ताई?"

रोज बोलणाऱ्या दोघींना आता मधे खोयभाऊ नाही म्हणून बोलता येईना. लायमावशीनं दोनदा "त्या वर्षी" म्हणून सुरुवात केली, आणि दोनदा पाणी मागितलं. न्यान उठली, चुलीवरचं पातेलं आणून मधे ठेवलं. हळदीचा वास आला. लायमावशीनं पाठ ताठ केली, औषध प्यायला बसतात तशी.

न्याननं झाकण काढलं. आत नुसता फणस होता. हळद, मिरची, शेंगदाणे. माशाचा काटाही नाही.

"आज पुनव ना," न्यान म्हणाली. "तुमचा नेम."

"तुला कुणी सांगितलं?"

"खोयच्या बापानं. तेव्हाच. पुनवेला पाटीत मी कधी मासा घातलाय का?"

लायमावशीनं माझ्याकडं बघितलं. खरंच, पुनवेला पाटी यायची ती मिठाची, नाहीतर समुद्रातल्या खायच्या शेवाळाची. आम्ही समजायचो, होड्या नव्हत्या म्हणून.

"आमच्याकडं आदल्या दिवसाचा मासा काय कमी असतो?" न्यान म्हणाली. "खा आता. फणस तुमचाच हाय, आज नेमका कोवळा आलाय."

लायमावशी जेवली. परत निघायची वेळ झाली तशी मला म्हणाली, "मिएन, आज न्हाई जायचं. उद्या पुनव न्हाई."

सकाळी मला जाग आली तेव्हा ती मागच्या दारी पाटावर बसली होती. खोयभाऊच्या पाटीत जायचे होते ते मासे तिनं ओढून घेतले होते. न्यान काठी आपटत होती, "ताई, पाहुण्यानं मासे साफ करायचे असतात का? लोक मला हसतील!"

"हसू दे. तू बस. गुडघे खाली सोड."

लायमावशीनं एकेक मासा उचलला. पंख कापले. पोटाला हात न लावता पाठीतून चीर दिली, काटा सरळ उचलून काढला, आत कांदा-हळद दाबली आणि घडी घालून ओळीनं मांडले. न्यान बघता बघता पुढं वाकली. एक मासा उचलून उलटा केला, चिरेवर अंगठा फिरवला.

"ही चीर आमच्या घरची हाय. माझ्या आईची. वर डोंगरात तुम्हाला कुणी शिकवली?"

लायमावशीनं तवा चुलीवर ठेवला.

"तूच. त्या वर्षी रोज पाटीतनं पाठवत होतीस."

न्यानच्या हातातला मासा तसाच राहिला. मग तिनं तो तव्यात सोडला, आणि काठी बाजूला ठेवून लायमावशीच्या शेजारी, पाटाच्या उरलेल्या कडेवर बसली. त्या हंगामात जे पाठवलं ते आता तिला ताटात मिळणार होतं, गरम.

आम्ही निघालो तेव्हा पाटी खोयभाऊच्या टपावर होतीच. रिकामी जाऊ नये म्हणून न्याननं तिच्यात आपला मासे कापायचा सुरा फडक्यात गुंडाळून घातला होता.