भरत मास्तरांच्या हातातला नारळ

पडघ्याच्या ज्युनिअर कॉलेजात भरत मास्तर इतिहास शिकवतात. आता कलाशाखेतल्या पोरांना इतिहासाचं काय पडलंय? अर्ध्यांचा जीव वडप्याच्या गोडाऊनमधल्या शिफ्टमध्ये अडकलेला, उरलेल्यांचा मोबाइलमध्ये. मास्तर ओरडून ओरडून घसा बसवतात, घरी जाऊन गरम पाणी पितात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओरडतात. पण एक धडा असा होता की त्या दिवशी मागच्या बाकावरचे टगेही सरसावून बसायचे. पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीचा धडा.

"युद्ध हरलं कोण?" मास्तर सुरू करायचे. "सेनापती! चार वर्षं लोकांना सांगत होते, जिंकतोय, जिंकतोय. आणि गळ्याशी आल्यावर? राजा पळाला हॉलंडला. सेनापती म्हणाले, आता तुमची लोकशाही आलीय ना, मग शरण जायची बोलणी तुम्हीच करा! कोण होते हे लोकशाहीवाले? पहिला राष्ट्राध्यक्ष घोड्यांची खोगिरं शिवणारा कारागीर. बर्लिनमध्ये रस्त्यावर गोळ्या चालल्यात म्हणून बिचाऱ्यांनी वायमार नावाच्या लांबच्या गावी जाऊन राज्यघटना लिहिली. बायकांना मताचा हक्क दिला. आपल्याकडे कापडाचे लूम बंद पडतात तसा कामगारांनी सगळा देश बंद पाडला, तेव्हा कुठे सैन्यातलं एक बंड मोडलं. एवढं करून नाव काय मिळालं? गद्दार!"

मग बाकाजवळ येऊन, आवाज खाली आणून ते विचारायचे, "आणि युद्धबंदीच्या कागदावर सही कोणी केली? एर्झबर्गर. तो आधी कोण होता? प्राथमिक शाळेतला मास्तर! जंगलात उभ्या केलेल्या रेल्वेच्या डब्यात गेला आणि सही करून आला. वर्षभरात सेनापती म्हणतात कसे, आमचं सैन्य हरलंच नव्हतं, ह्या लोकांनी पाठीत सुरा खुपसला! मास्तरला लोकांनी गोळ्या घातल्या. सेनापतीला राष्ट्राध्यक्ष केलं, तेसुद्धा मतं देऊन! मग सांगा, दुसऱ्याच्या पराभवावर सही करणारा हा मास्तर कोण?"

"गाढव!" अख्खा वर्ग ओरडायचा. शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घ्यायच्या. थोरल्या भावाबहिणींकडून ऐकून पोरं हा शब्द आधीच पाठ करून यायची.

हे सगळं जर्मनीत घडलं होतं तोवर ठीक होतं.

मास्तरांचं गाव दिघाशीच्या पलीकडे. तिथला जुना गाडीरस्ता एका गोडाऊनवाल्या कंपनीनं भिंत घालून बंद केला. त्या रस्त्यानं गावातली माणसं शेतावर जायची आणि वरच्या पाड्यातल्या आदिवासी बाया विहिरीवर. गावानं लढा पुकारला. पुढारी चिंधूतात्या. तात्या म्हणजे पांढरी पँट, पांढरी चप्पल आणि बोलताना टेबलावर मूठ. पहिल्याच वर्षी कंपनी अर्धा रस्ता सोडायला तयार झाली होती. तात्यांनी मूठ आपटली, "एक इंच न्हाय सोडनार!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर उठून म्हणाले, "तात्या, अर्धा तर अर्धा, घेऊन टाकू." तर सगळे त्यांच्याकडे असे बघायला लागले की मास्तरांनी निमूट चहाचा कप उचलला.

पुढे वर्षामागून वर्षं कोर्टात तारखा पडत राहिल्या, आणि दर तारखेनंतर तात्या यायचे ते "जिंकत आलोय" असं सांगतच. मग निकाल लागला आणि गाव सपशेल हरलं. कंपनीच्या साहेबानं शेवटचं सांगितलं, गावानं पुढे अपील न करता रस्त्यावरचा हक्क सोडल्याची सही द्या. भिंतीकडेनं बैलगाडीपुरती वाट देतो आणि पाड्याला पाण्याची लाइन देतो. सोमवारपर्यंत सही आली नाही तर तेही नाही.

रविवारी मारुतीच्या देवळात बैठक बसली. त्या गावात कुठलंही काम कोणाच्या अंगावर आहे ते नारळावरून कळतं. देवासमोर ज्याच्या हातात नारळ दिला त्याचं काम. घेतलेला नारळ परत करता येत नाही, आणि देवाच्या पुढ्यात तो खाली पडू देणं म्हणजे तर अख्ख्या गावावर संकट. लढ्याचा नारळ इतकी वर्षं तात्यांच्या देव्हाऱ्यात होता, सुकून आतून खुळखुळायला लागलेला. तो घेऊन तात्या आले, डोळ्यांत पाणी आणून उभे राहिले.

"माजी तब्बेत बरी न्हाय," तात्या म्हणाले. "आणि ह्यो कागदाचा मामला हाय, शिकलेल्या मानसाचा. मास्तर, तुमी."

आणि नारळ पुढे केला.

मास्तरांना जर्मनी तोंडपाठ होती हो! सगळं स्वच्छ दिसत होतं. पण जन्मभराची सवय वाईट. देवासमोर कोणी नारळ पुढे केला की गावातल्या माणसाचा हात आपोआप पुढे जातो. मास्तरांचाही गेला. नारळ हातात खुळखुळला तेव्हा कुठे त्यांचं डोकं ठिकाणावर आलं.

"थांबा, थांबा!" ते किंचाळलेच. "तात्या, सही दोघांची. आधी तुमची, खाली माझी. जर्मनीत नेमकं हेच चुकलं. सेनापतीला त्या डब्यात बसवला असता तर..."

"जर्मनी ऱ्हाऊ द्या वो मास्तर, पान्याचं बोला," मागून पाड्यातली ठकुबाई म्हणाली. विहिरीची वाट तुटल्यापासून म्हातारी हमरस्ता ओलांडून टँकरवर पाण्याला जात होती. ट्रकच्या धक्क्यानं एकदा तिचा हात मोडला होता आणि तो वाकडाच राहिला होता. त्याच हातानं ती पदर सावरत होती.

"बरोबर, बरोबर, दोघं सही करू," तात्या म्हणाले. "उद्या दहा वाजता."

सोमवारी दहा वाजता कंपनीच्या केबिनमध्ये मास्तर एकटे. फोन लावला तर तात्या नाशिकला, कोणाच्या तरी साखरपुड्याला. मास्तरांनी डोक्याला हात लावला. साहेब घड्याळ बघत होता. मास्तर मनात तात्यांच्या सात पिढ्या उद्धारत होते, आणि डोळ्यांपुढे काही केल्या तो वाकडा हात जात नव्हता. कागद पुढे ओढला, सही केली आणि पेन इतक्या जोरात आपटलं की साहेब दचकला.

काम पार पडल्याचा नारळ फोडायला ते देवळात गेले तेव्हा पुजारी सोडून कोणी आलं नाही.

मग जे व्हायचं तेच झालं. पाड्यावर पाणी आलं, वाटेनं गाड्या जायला लागल्या, आणि लोकांच्या पोटात दुखायला लागलं. "अजून थोडं थांबलो असतो तर अख्खा रस्ता भेटला असता," कट्ट्यावर एक जण म्हणाला. "मास्तरनं घाई केली." दुसरा म्हणाला, "घाई? काय तरी हातात पडलं असंल." नाक्यावर तात्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, 'शेवटच्या श्वासापर्यंत लढणारे नेतृत्व'. शेवटचा श्वास म्हणे! सहीच्या दिवशी तो माणूस नाशकात जिलेबी खात होता.

परवा गावात हळद होती. आमच्याकडे हळदीला येणाऱ्याचं नाव माइकवर पुकारतात. तात्या आले तेव्हा पुकारणाऱ्यानं बेंबीच्या देठापासून ओरडून स्वागत केलं. मागोमाग मास्तर आणि त्यांची बायको मैना मांडवात शिरले. पुकारणाऱ्यानं मास्तरांकडे पाहिलं, माइकवर हात ठेवला आणि मास्तर बसेपर्यंत काढला नाही.

"चला घरी," मैना म्हणाली. रस्ताभर ती बोलत होती. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला? वर्षानुवर्षं पोरांना शिकवता ना, सही करणारा गाढव असतो म्हणून? मग?"

"नारळ हातात आला होता."

"हात मागे घ्यायचा!"

"घेता आला असता तर घेतला नसता का?" मास्तर रस्त्यात उभं राहून ओरडले. इतकी वर्षं संसार केला, पण बायकोवर असा आवाज त्यांनी कधी चढवला नव्हता. मैनानं त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

आणि दुसऱ्या दिवशी, नशीब बघा, वेळापत्रकात जर्मनी! टाळता येईना. मास्तरांनी धडा भराभरा उरकायला घेतला. आज ते बाकाजवळ गेले नाहीत, आवाज खाली आणला नाही. "सही एर्झबर्गरनं केली," एवढंच म्हणून पुढचं पान उलटणार, तेवढ्यात पोरांना वाटलं सर विसरले. न विचारताच वर्ग ओरडला, "गाढव!"

मास्तरांच्या गावातली चार पोरं वर्गात होती. त्यांनी माना खाली घातल्या. पाड्यातली रंजिता, ठकुबाईची नात, तेवढी मास्तरांकडे बघत राहिली. ती ओरडली नव्हती.

मास्तरांना वाटलं, खडू फेकावा आणि सरळ बाहेर पडावं. मग त्यांनी रंजिताकडे पाहिलं आणि फळ्याकडे वळले.

"होता," ते म्हणाले. "गाढवच होता. पण सहीच्या दिवशी अकरा वाजता बंदुका थांबल्या. त्यानं सही केली नसती तर बारा वाजताही पोरं मेली असती, एकालाही सेनापतींनी वाचवलं नसतं. हे कोण लिहिणार? काढा वह्या!"

त्यांनी फळ्यावर 'अकरा वाजता' असं लिहिलं. खडू मोडला. मास्तर चिडून पुटपुटले, खाली वाकले, तुकडा उचलला आणि त्याच तुकड्यानं त्याखाली रेघ मारली.