टीव्हीकडे पाठ करून बसणारे राऊत सर

राऊत सर दर शनिवारी वसईजवळच्या वटार गावातल्या आमच्या घरी टीव्हीवरच्या मराठी सिनेमाला येत आणि टीव्हीकडे पाठ करून बसत. संध्याकाळची रोझरीची प्रार्थना आटोपली की आई टीव्हीची लाकडी दारं सरकवायची, शेजारपाजार ओसरीत दाटायचा, आणि सर वही उघडून आमची तोंडं न्याहाळत राहायचे. "सिनेमा त्या खोक्यात नसतो बाबांनो, तुमच्या तोंडावर असतो," असं म्हणायचे. कॉलेजात ते मराठी शिकवत. 'सिनेमा पाहणारा माणूस' या विषयावर डॉक्टरेट करायची म्हणून चाळिशीनंतरची तीन वर्षं त्यांनी यात घातली होती.

विद्यापीठात मात्र हा माणूस कुणालाच नको होता. मराठीवाले म्हणाले, हे समाजशास्त्र. समाजशास्त्राने मानसशास्त्राकडे पिटाळलं. मानसशास्त्राने विचारलं, टीव्ही आहे तर पदार्थविज्ञानात चौकशी केलीत का? सर तिथंही जाऊन आले! "त्यांनी चहा तरी दिला हो," हे वर कौतुक. शेवटी दोन विभागांचे दोन परीक्षक आमच्याच घरी येऊन खरंखोटं पाहणार, असं ठरलं.

त्याआधी सरांनी अख्खा प्रबंध आम्हाला वाचून दाखवला. ज्यांच्यावर लिहिलं त्यांना ऐकवल्याशिवाय द्यायचा नाही, हा त्यांचा हट्ट. नवव्या मिनिटाच्या सुमारास आई डोळे पुसते, चाळिसाव्याला शेजारचे दुमिंगकाका घोरतात, असं काय काय त्यात होतं. सर गेल्यावर आईने सगळ्यांना तंबी दिली, "सरांच्या डॉक्टरकीचा सवाल हाय. वहीत लिवलंय तसंच वागायचं. कोनी आगाऊपना करायचा नाय."

त्या शनिवारी नेमका विनोदी सिनेमा लागला. नवव्या मिनिटाला नायक शेणात पडला आणि आई हमसून हमसून रडली. चाळिसाव्याला दुमिंगकाकांनी घड्याळ पाहिलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि घोरायला सुरुवात केली. परीक्षक प्रबंधाची पानं उलटून थक्क. "मिनिटाचा फरक नाही! राऊत, डॉक्टर झालात असं समजा."

आम्ही टाळ्या वाजवणार, तोच सर उठले. "हे सगळे माझ्यासाठी करताहेत. हे खरं नाही. प्रबंध मी परत घेतो."

मला त्यांचा भयंकर राग आला. गप्प बसले असते तर कुणाचं काय जाणार होतं? परीक्षकांची जीप गेली आणि आई खरीखुरी रडायला लागली. "आमीच घालवली तुमची डॉक्टरकी." सर तिच्यासमोर जमिनीवर बसले. "वहिनी, तीन वर्षं मी तुमच्याकडे बघत होतो. तुम्हीही माझ्याकडे बघताय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

पदवी मिळाली नाही ती नाहीच. काही वर्षांनी सर गेले, तेव्हा आईने चर्चमध्ये त्यांच्या आत्म्यासाठी मिस्साची प्रार्थना ठेवली. फादरना चिठ्ठीवर नाव लिहून दिलं: डॉक्टर राऊत.