सुरतचा पत्ता

माझ्या आईनं आयुष्यात एकदाच पासपोर्ट काढला आणि त्यावर सुरतचा पत्ता होता. ती सुरतेत कधी राहिली नव्हती. आमचं घर नवापूरच्या पुढे डोंगरात. घर आणि नाल्याच्या दुसऱ्या अंगाचं नागलीचं शेत, दोन्ही जंगलखात्याच्या जमिनीवर. आजोबांच्याही आधीपासून आम्ही ते कसत होतो, पण सरकारदरबारी आम्ही अतिक्रमण करणारे. घराला नंबर नाही म्हणून रहिवासाचा दाखला मिळेना. मी तेव्हा सुरतच्या उधन्यात मराठी शाळेत शिकवायचे आणि कापडाच्या लूमच्या गल्लीत भाड्यानं राहायचे. शेवटी माझ्या खोलीचा पत्ता घातला.

परदेशात एक मोठी सभा भरणार होती. जंगलाचं आणि अन्नधान्याचं देशोदेशींची सरकारं जे ठरवतात, त्यात आदिवासींचंही ऐकून घ्यायचं, असं नव्यानं सुरू झालं होतं. मुंबईच्या एका संस्थेनं आमच्या भागातून माणूस मागितला. आसपासच्या गावांनी बसून आईला निवडलं. बोलणारे पुरुष पुष्कळ होते, पण उन्हाळ्यात खात्याची माणसं आमच्या शेतात झाडांसाठी खड्डे खणायला आली, तेव्हा खड्ड्यात जाऊन बसलेली ती एकटीच होती. त्या दिवशी ते परत गेले. पुन्हा येणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

जायच्या आधी ती माझ्याकडे राहायला आली. बोलायला मोजकी मिनिटं मिळणार होती, म्हणून मी तिच्याकडून रोज भाषण पाठ करून घ्यायचे. लूमच्या खडखडाटात तिला ओरडूनच बोलावं लागे.

"आमचं शेत सोडा, एवढंच सांगायचंय मला," ती म्हणाली. "बाकीचं कशाला?"

"तिथं सगळ्या देशांचं बोलणं असतं, आई. एका शेताचं कसं सांगणार?"

"मग मला कशाला बोलावलं?"

आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

त्याच आठवड्यात शहरात प्लेग आला. संध्याकाळपर्यंत लूम बंद पडले. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं बोचकी घेऊन स्टेशनकडे निघाली. औषधाच्या दुकानांतल्या कॅप्सूल संपल्या. आमचे घरमालक धुळ्याकडचे. कुलूप हातात घेऊन ते दारात आले. "माय, तुम्हीन गावले निंघी जा. आठे आते कोनीच ऱ्हायनं नही."

मी एसटीडी बूथवरून मुंबईला फोन लावला. संस्थेतल्या बाई आईला ओळखत होत्या, चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांना आणू नका. सुरतचा पत्ता बघून तिथं कुणी उतरू देणार नाही. त्यांचं म्हणणं आम्ही वाचून दाखवू."

मी हे सांगितलं तेव्हा आई नवा स्वेटर पिशवीत भरत होती.

"मला ताप नाही," ती म्हणाली. "त्यांना सांग, हात लावून बघा."

"ते हात लावणार नाहीत, आई."

उधन्याहून गाडीत कसंबसं चढलो. नवापूरहून चालत गावाशी पोचलो, तर नाल्याच्या अलीकडेच अडवलं. अडवणारा आईचा चुलतभाऊ होता, तिला निवडणाऱ्यांतलाच एक. "तू आत आलीस तर लेकरं मरतील," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. आम्ही नाल्याकाठी पानांचं खोपटं करून राहिलो. गावातून कुणीतरी भाकरी दगडावर ठेवून जायचं.

तिथून आमच्या शेताची उतरण दिसायची, नाल्याच्या याच अंगाला. नागली कणसांवर आलेली. एका सकाळी खात्याचे मजूर विळे घेऊन शेतात उतरलेले दिसले. आई उठली आणि थेट चालत गेली. मी मागं धावले. शेताच्या कडेला उभी राहून ती म्हणाली, "मी सुरतेहून आलेय. या जवळ."

मजूर विळे टाकून पळाले. त्यांच्यावरचा जंगलखात्याचा गार्डही पळाला. आई शेतातच बसून राहिली, आणि मला वाटलं, वाचलं शेत.

मग ते पुन्हा आले. सोबत पोलीस होते, सगळ्यांच्या तोंडाला फडकी. "आमचं शेत सोडा," आईनं गार्डाला सांगितलं. त्यांनी आम्हाला हात लावला नाही. खालच्या अंगानं ढोरांचा मोठा कळप शेतात घातला आणि लांब उभे राहिले. ढोरांना सुरतेची भीती नव्हती. आई काठी घेऊन एकेकाला हाकलत होती, एक वळवलं की चार आत शिरायची. मीही धावत होते, गावाकडे बघून हाका मारत होते. नाल्यापलीकडे सगळं गाव उभं होतं. कुणी आलं नाही. दुपारपर्यंत शेत तुडवून झालं. आई चिखलात बसली आणि मोडलेली कणसं ओच्यात गोळा करू लागली. ती अजून हिरवी होती, खायच्या उपयोगाची नव्हती. मी तसं म्हटलंही. ती वेचतच राहिली.

दिवाळीनंतर संस्थेच्या बाई भेटायला आल्या. आईचं म्हणणं सभेत वाचून दाखवलं, म्हणाल्या. लोक उभे राहिले, टाळ्या वाजवल्या.

"शेताचं सांगितलं?" आईनं विचारलं.

"वेळ कमी होता. जंगलावरच्या हक्काचं सांगितलं."

"मग टाळ्या कशाला वाजवल्या?"

शेताभोवती तोवर खात्याचा चर खणून झाला होता; आम्हाला आत जाता येत नव्हतं.

त्या हंगामात आई गावातल्या बायकांबरोबर बारडोलीकडे ऊसतोडीला गेली. मग दरवर्षीच जायला लागली. काही वर्षांनी दुसऱ्या एका सभेचं बोलावणं आलं. निरोप घेऊन मी फडात गेले. तिनं मोळी बांधता बांधता ऐकून घेतलं.

"तिथं खात्याला थांबवणारा कुणी असतो का?"

"सांगता येतं," मी म्हणाले.

"सांगायला काय, मी गार्डालाही सांगितलं होतं." तिनं मोळी आवळली आणि मला म्हणाली, "हात लाव, डोक्यावर घ्यायचीय."