भट्टीचं दार उघडणारे सर

मंडळी, राग अजून गेलेला नाही.

निवृत्त झाले तरी मी विद्यापीठात काचशिल्प शिकवायला जाते. खर्डा गावच्या माझ्या विद्यार्थिनीने, सुनंदाने, परीक्षेसाठी काचेचं ज्वारीचं कणीस ओतलं होतं. काच बंद भट्टीतच दोन दिवस हळूहळू निवू द्यावी लागते, नाहीतर तडकते. दारावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘उघडू नये’.

आज पाहुणे आले आणि विभागप्रमुखांनी त्यांना दाखवायला दार उघडलं. टणकन आवाज आला. कणीस मधोमध दुभंगलं.

“मी नका म्हनले हुते, सर,” सुनंदा एवढंच म्हणाली.

सर मला म्हणतात, “मॅडम, दोनच मिनिटं उघडलं हो. चिकटवून टाका की!”

मी म्हटलं, “भात शिजताना वहिनी तुम्हाला झाकण काढू देतात का?” पाहुणे हसले, सर नाही.

परीक्षा परवा आहे. नवं कणीस करायला आठवडा तरी लागेल. मुदत मागितली, तर सर म्हणाले, “नियमात बसत नाही.” उघडं दार मात्र बसलं!

मुदतीचा अर्ज कुलगुरूंकडे देऊन आले आहे. तोवर सांगा, तुमच्याकडे साहेबांच्या चुकीसाठी गुण कोणाचे कापतात?