भट्टीचा मान

दोनेक वर्षांपूर्वी कारखानदारांच्या हॉलमध्ये एक भाषण होतं. विषय होता देशाच्या पोलाद उद्योगाचं भवितव्य. मुंबईहून कुणी मोठे जाणकार आलेले. पडद्यावर एक रेघ, ती नुसती वर वर चाललेली. पूल, मेट्रो, विमानतळ, घरं! देश वाढतोय म्हटल्यावर लोखंड लागणारच की, यात सांगण्यासारखं ते काय? पण पाहुणे बोलायला गोड होते. आमचे मालक पहिल्या रांगेत डायरी उघडून बसलेले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. मी मागच्या खुर्चीवर पंख्याखाली.

शेवटी अण्णा उठले आणि विचारलं, "आमच्यासारख्या लहान फाउंड्र्यांचं काय होणार?" पाहुणे हसले. म्हणाले, "काही मोठ्यांत सामील होतील, काही बाजूला होतील. सगळ्याच देशांत असं झालंय." बाजूला होतील म्हणे! आम्ही काय रस्त्यात आडवी बसलेली म्हस आहे का, हॉर्न मारला की उठायला? माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की हॉलमधला फुकटचा चहा सोडून बाहेर आलो, आणि टपरीवर पैसे देऊन प्यालो. अण्णा डायरी बंद करून गाडीत बसले.

आमची फाउंड्री शिरोलीच्या एमआयडीसीत. भंगार लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं आणि इंजिनाचे भाग करायचे, हा धंदा. मी डिप्लोमा करून इथं लागलो तेव्हा नुकती मिशी फुटलेली, आता डोक्यावर टक्कल आहे. माझं काम म्हणजे रस तपासायचा. रस म्हणजे वितळलेलं लोखंड. त्यात काय किती आहे ते मशीनवर बघायचं आणि 'ओता' म्हणायचं. मी 'ओता' म्हटल्याशिवाय भट्टी वाकत नाही, याचा मला लई माज होता. खोटं कशाला बोलू?

भट्टीवर एक मामा होते. आमच्यातले सगळ्यात जुने. त्यांना मशीन लागायचं नाही. रसाच्या रंगाकडं बघून सांगायचे, "अजून दोन मिंटं थांबा, सायेब, कच्चं हाय." मी मुद्दाम मशीन लावायचो आणि दर वेळी तोंडघशी पडायचो. मग ते दिवसभर मला चिडवायचे, "तुमचं मशीन आज जेवलं न्हाय वाटतं."

पुढं पुढं इंजिनाची कामं आटायला लागली. गाड्या बॅटरीवर चालायला लागल्या, आता त्यांना इंजिनच नाही तर इंजिनाचे भाग कुणाला पायजेत? आणि ज्या भंगारावर आमचं पोट, त्याच भंगारावर मोठे पोलाद कारखाने तुटून पडले. त्यांना म्हणे धूर न काढता, भंगारातनं स्वच्छ पोलाद करायचंय. करा बाबा. आमच्या शेजारच्या फाउंड्रीला कुलूप लागलं, मग तिच्या शेजारच्या. दुपारच्या सुट्टीत गेटवर गर्दी असायची, ती निम्म्यावर आली. भेळवाला आमच्या गेटवरनं गाडा काढून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीकडं गेला. जाताना मला म्हणाला, "रागावू नका, पावणं, तिकडं माणसं हाईत."

अशात अण्णांनी कुठून कुठून ओळखी काढून एक नवं काम आणलं. बॅटरीवरच्या बसच्या चाकाजवळ बसणारा ब्रॅकेट. हातभर लांब, वेडावाकडा, दिसायला कुरूप. नमुन्याचे पाच नग ओतून द्यायचे. बस बनवणाऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये ते ओढून, ताणून, आपटून बघणार. पास झाले तर वर्षानुवर्षांचं काम. संधी एकदाच, कारण असल्या आणखी चार फाउंड्र्या दारात उभ्या. अण्णांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. एरवी ते कधी भाषण करत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "हे काम आलं तर फाउंड्री राहील. न्हाय आलं तर मला बंद करावी लागंल. तुमच्यापासनं लपवून काय करू?" मामांनी नुसती डोक्यावरची टोपी सारखी केली.

आता आमच्यातली एक रीत सांगतो. नव्या मालाचं पहिलं ओतकाम असलं की भट्टीला मान द्यायचा. नारळ फोडायचा, हळदकुंकू वाहायचं, आणि ज्या लेडलमध्ये, म्हणजे ज्या मोठ्या बादलीत रस घ्यायचा, त्याच्या तळाशी तांब्याचा एक जुना पैसा टाकायचा. तो मामा टाकायचे. कधीपासनं, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. एवढ्याशा पैशानं रसाचं काही बिघडत नव्हतं. उलट इंजिनाच्या मालात आम्ही स्वतःच मोजून तांबं घालायचो. तांब्यानं लोखंड कडक होतं, लवकर झिजत नाही. इतकी वर्षं माझ्या हातनं तेच झालेलं.

ओतायच्या दिवशी सकाळी मी रस तपासला. एकदम बरोबर. मामांनी रंग बघितला आणि त्यांचं-माझं पहिल्यांदाच जमलं. मी मनात म्हटलं, आज देव पावला! तेवढ्यात बघतो तर लेडलपाशी रांग लागलेली. मामांनी आपला पैसा टाकला. त्यांच्यामागं साचे भरणारे आले, त्यांनीही एकेक पैसा टाकला. मग माल घासणारे. कुणाच्या हातात तांब्याचं कडं, कुणाकडं फुटकं ताम्हण. कोअर, म्हणजे साच्याच्या आतला वाळूचा गाभा, करणाऱ्या एक मावशी त्या दिवशी पहाटेच मुद्दाम नृसिंहवाडीला जाऊन आलेल्या. घरातला तांब्याचा गडू त्यांनी संगमात बुडवून आणलेला, पदरात गुंडाळून. म्हणाल्या, "सगळ्यांचंच पोट हाय की ह्याच्यावर. एकट्या मामाच्या पैशानं काय हुतंय?" कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी जो तो आपापल्या घरी देवघरातलं, फडताळातलं उचकत बसला असणार. मला भडभडून आलं. मी तोंड फिरवून उगाचच पंख्याचं बटण दाबलं.

आणि मग मी ओरडलोच. पण कशाबद्दल? गडू ओला होता! ओल्या वस्तूवर रस पडला की तो उसळतो, माणसाचं तोंड भाजतं. "अक्कल गहाण टाकलीय का सगळ्यांनी?" असं म्हणत मी ते सगळं तांबं परत बाहेर काढायला लावलं. भट्टीच्या गरम झाकणाशेजारी पत्र्यावर मांडलं. एकेक वस्तू चिमट्यानं उलटीपालटी करून वाळवली. मावशींचा गडू तर दोनदा फिरवला, आत पाणी राहू नये म्हणून. अण्णा मागं येऊन उभे होते. त्यांनी पिशवीतनं एक तांब्या काढला. त्यांच्या आईचा, रोज पाणी प्यायचा. म्हणाले, "हा पण वाळव." मी वाळवला आणि माझ्या हातानं लेडलमध्ये ठेवला. खिशात माझ्या बायकोनं दिलेली तांब्याची अंगठी होती, तीही टाकली. मग म्हणालो, "ओता."

काय सुंदर ओतलं गेलं! एक थेंब सांडला नाही. वाळू झाडल्यावर पाचही नग असे निघाले की बोट ठेवायला जागा नाही. मामा एका नगावर बोटाची टिचकी मारून कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "वाजतंय बघा कसं खणखणीत." मीही वाजवून बघितलं. तिथंच मला कळायला पायजे होतं. ब्रॅकेट खणखणीत वाजायला नको होता. खड्ड्यात चाक आदळलं तर त्यानं जरासं वाकायचं, तुटायचं नाही, असं त्यांच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं. मी तो कागद वाचलेला, रसही तसाच मऊ बनवलेला. आणि अख्ख्या फाउंड्रीच्या घरातलं तांबं त्यात वाळवून वाळवून घातलं. डोक्यात इंजिनच बसलेलं, दुसरं काय! तांबं म्हणजे चांगलंच, एवढंच मला माहीत. लेडलमधला रस पुन्हा तपासायला पाच मिनिटं लागली असती. तपासला नाही.

नग गेले. आठवडाभर सगळ्यांचा जीव टांगणीला. डब्यातलं जेवणसुद्धा कुणी धड जेवत नव्हतं. एका सकाळी अण्णांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि कागद पुढं सरकवला. ताणल्यावर नग न लांबता काडकन तुटलेले. खाली कारण होतं, तांब्याचं प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पट. आणि शेवटची ओळ, 'रसावर नियंत्रण नाही, पुन्हा नमुने पाठवू नयेत.' ती ओळ माझी होती. माझ्या अख्ख्या नोकरीवर मारलेली. मी अण्णांना म्हटलं, "चूक माझी. मी फोन करतो, सांगतो त्यांना काय झालं ते."

"काय सांगशील?" अण्णा म्हणाले. "देवघरातली भांडी ओतली म्हणून?"

तरी मी फोन केला. पलीकडचा तरुण साहेब सभ्य होता. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, हे तर जास्तच वाईट आहे ना." त्याचं काय चुकलं? माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला गेटबाहेर काढला असता. अण्णांनी कागदाची चौघडी करून ड्रॉवरमध्ये ठेवली. "बाहेर बोलू नको," म्हणाले. "मोठ्या कंपनीला काम गेलं म्हणू. तांब्याचं कळलं तर ही माणसं जन्मभर स्वतःला खातील." मग खिडकीकडं बघत म्हणाले, "आईचा तांब्या सगळ्यात जड होता रे." आणि रडले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं.

दुसरं काम आलंच नाही. भट्टी विकली गेली. परवाच्या पेपरात पुन्हा ती वर जाणारी रेघ छापून आली होती. देश पोलादात पुढं चाललाय. जाऊ दे. त्यात मी कुठं बसतो हे मला आता विचारावंसं वाटत नाही. कागलच्या एका कारखान्यात नोकरी विचारायला गेलतो. तिथल्या पोरीनं वय बघून फॉर्म परत दिला.

शेवटच्या दिवशी सगळे गेटबाहेर पडले, मामा मागं राहिले. भट्टी काढून नेलेली, तिथं नुसता खड्डा होता. त्याच्या काठावर ते चप्पल काढून उकिडवे बसलेले. मी शेजारी बसलो. एकदा वाटलं, सांगून टाकावं, मोकळं व्हावं. तेवढ्यात तेच बोलले.

"सायेब, एक सांगू? आपलंच चुकलं. सगळ्यांनी हात आखडून, थोडं थोडं टाकलं. माझ्या घरात आंघोळीच्या पाण्याचा मोठा हंडा हाय तांब्याचा. सकाळी उचलला हुता, बायकू म्हणाली र्‍हाऊ द्या, म्हणून ठेवला. त्यो टाकाय पायजे हुता. भट्टीला कमी पडलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी 'ओता' म्हणायची वाट बघायचे ना, तसंच.

"व्हय, मामा," मी म्हटलं. "कमीच पडलं."