कच्चं लिंबू

मुलांनो, तुमच्या बाबाने एकदा खडकवासल्याच्या पाण्याकाठी कॉटेज घेऊन ऑफिसातल्या मित्रांना दोन दिवस बोर्डगेम खेळायला बोलावलं होतं. त्यातला एक विदर्भातून नुकताच आलेला, सारखा चष्मा पुसणारा. त्याचं नाव मी विचारलंच नाही.

हरेल तो बाहेर, असं ठरलं. तो हळूच म्हणाला, "मला कच्चं लिंबू घ्या ना रे." म्हणजे धाकट्या भावंडासारखं खेळवायचं, पण बाद करायचं नाही.

"प्रोग्रामर आहेस की बालवाडीत?" बाबा हसला.

"एकटं बसायला हडपसरची खोली आहेच की," तो चष्मा पुसत म्हणाला.

घेतलं त्याला. पण कच्च्या लिंबाचं दान कोण बघणार? तो फासा टाकेपर्यंत पुढचा खेळूनही जायचा. शेवटी मी त्याच्याशेजारी खुर्ची ओढली आणि त्याचं प्रत्येक दान मोठ्याने सांगू लागले.