रंगमास्तरांचे डोळे आणि आमचा डेसिमल

आमच्या ऑफिसात चूक दुरुस्त व्हायला पाच मिनिटं लागतात आणि तिचा किस्सा पुढं पाच वर्षं चालतो. जुळे सोलापुरातल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं: देशपांडे सर, सुवर्णा आणि मी. टॉवेलच्या एका रंगखान्याचं सॉफ्टवेअर केलं, तेव्हाचे किस्से तर ढीगभर आहेत. आज हसून सांगते, तेव्हा हसू येत नव्हतं.

*

बॅच नंबरच्या कॉलमला सुवर्णानं आकड्याचा सगळ्यात छोटा प्रकार दिला, जास्तीत जास्त २५५ मावेल असा. एवढ्या बॅचेस होतात कुठं, म्हणाली. दोन महिन्यांत झाल्या! पुढची प्रत्येक बॅच २५५ नंबरचीच छापून यायला लागली. रंगखान्यात तीस वर्षं रंग मिसळणाऱ्या व्यंकटेश मास्तरांचा फोन आला, "मॅडम, आज पण कालचाच नंबर हाय. आजचा दिवस धरायचा न्हाय का?"

*

मग मिठाचा किस्सा. रंगाच्या पाण्यात तीनदा शंभर-शंभर ग्रॅम मीठ टाकायचं होतं. वजनाच्या कॉलमला मी फ्लोट हा प्रकार लावला होता, आणि फ्लोट अपूर्णांक अंदाजे साठवतो. रंगखान्यात छापून निघणाऱ्या कागदावर बेरीज आली ०.३०००००००००००००००४ किलो. मास्तरांनी शांतपणे विचारलं, "ह्यो शेवटचा चार कुटनं आणू?"

सर वैतागले. फ्लोट काढा, डेसिमल लावा, नेमका आकडा नेमकाच राहिला पाहिजे, म्हणाले. मी लावला आणि खुशीत घरी गेले.

*

डेसिमल लिहिताना पॉइंटनंतर किती अंक ठेवायचे तेही सांगावं लागतं. मी सांगितलंच नाही, आणि आमच्या डेटाबेसनं एकही ठेवला नाही! किलोभर टॉवेलमागं २.४ ग्रॅम पिवळा रंग हवा, तिथं कागदावर २ आले. लाल १.३ होता, त्याचा १ झाला. बदामी टॉवेलचे दोन नमुने फिके निघाले आणि गिऱ्हाइकानं परत पाठवले. रंगखान्याच्या मालकांना वाटलं, मास्तरांची नजर गेली. तिसरा नमुना नापास झाला तर घरी बसा, असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

*

मास्तर डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेले आणि तिथून रिक्षानं थेट आमच्याकडं आले. नजर उत्तम असल्याचा कागद माझ्या टेबलावर ठेवला. "माझे डोळे तपासून झाले. आता तुमच्या कंप्युटरचे तपासा."

तपासले, तर पॉइंटनंतरचे सगळे अंक गायब. पॉइंटनंतर चार अंक ठेवले, गेलेले आकडे पुन्हा भरले, मालकांना फोन करून चूक माझी आहे असं सांगून टाकलं. तिसरा नमुना पास झाला. कळल्यावर मी खुर्चीतच रडले, इतकं सुटल्यासारखं वाटलं.

*

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आम्ही तिघं रंगखान्यात गेलो. मालक ओशाळलेले. रंग फिका आहे हे तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसलं नाही का, असं त्यांनी मास्तरांना विचारलं.

"दिसलं की. पण तुमीच म्हणला, कंप्युटर आलाय, आता कागदावर चालायचं. त्या कागदात मला लिवायला जागा कुटं हाय?"

मालक आमच्याकडं वळून म्हणाले, मास्तरांच्या नजरेचा एक कॉलम वाढवा, तो भरल्याशिवाय बॅच पुढं जायची नाही. सरांनी लगेच वही काढली आणि ह्या कॉलमला पॉइंटनंतर किती अंक ठेवू, असं विचारलं.

मास्तरांनी ओला टॉवेल उजेडात धरला. "आकडा कशाला? व्हय, न्हायतर न्हाय."